फणस तपासणाऱ्या मामी

मागच्या घरातल्या मामी प्रत्येक गोष्ट दोनदा बोलतात आणि झाड तपासायला चक्क लाटणं घेऊन येतात! आमच्या परसातल्या जुन्या फणसाच्या बुंध्याला अळंबी आली, तेव्हा अप्पा तो तोडायलाच निघाले होते. मामींनी लाटण्याने खोड वाजवलं, कान लावला. एका जागी बद्द आवाज आला. तिथली साल दाबली तर त्यांचं बोटच आत गेलं!

"अय्यो, अभिषेकाचं दूध रोज इथेच ओततेस काय गं, इथेच?"

अम्माने हातातला दुधाचा तांब्या पदराआड लपवला!

"बाकी खोड खणखणीत आहे. तोडू नका, तोडू नका."

मग पदर खोचून मामींनीच कुजलेली साल खरवडली, ओली माती उपसली. अप्पा म्हणाले, पोंगलपर्यंत बघू. आणि आज, पोंगलच्या आधीच, जखमेच्या कडेने नवी साल धरलेली दिसली! मी धावत सांगायला गेले.

"मला काय सांगतेस? अप्पाला दाखव, अप्पाला!"