माझ्या अकरा, तिच्या वीस

दोन हजार सालानंतरची गोष्ट. माझ्या उजव्या फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली होती. हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले, आधी सहा मिनिटं भरभर चालून दाखवा. दम टिकला तर ऑपरेशन, नाहीतर नुसती औषधं. दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात दोन टोकांना पट्ट्या चिकटवल्या होत्या. नर्स हातात घड्याळ धरून फेऱ्या मोजायची.

माझ्याआधी औंढ्याकडच्या तांड्यावरची एक बाई चालली. तिलाही तोच आजार. तिच्या वीस फेऱ्या झाल्या! पदर खोचला काय, निघाली काय. वर हसून नर्सला विचारते, "बस, झालं?" माझा नुसता जळफळाट. मेलीला दम लागतो की नाही?

माझ्या अकराच भरल्या. मला रडूच आलं. दम कमी पडला म्हणून नव्हे. पुसेगावहून मला घेऊन आलेले थोरले दीर मधल्या बाकावर बसले होते, आणि त्यांच्यासमोरून चप्पल घालून मी जन्मात गेले नव्हते. फरशी गुळगुळीत, चपला घालूनच चाला, अशी नर्सची ताकीद. मग काय, दर फेरीला बाकाच्या अलीकडे चपला काढायच्या, हातात घ्यायच्या, वाकून पुढे जायचं आणि पलीकडे पुन्हा घालायच्या. हे सांगायचं तरी कोणाला?

त्या बाईने मात्र सगळं पाहिलं होतं. ती सरळ दिरांपुढे जाऊन उभी राहिली.

"दादा, तुमी खाली जाऊन चहा घ्या. तुमच्यापायी हिचं ऑपरेशन हुकून राहिलं."

दीर गोरेमोरे झाले. "मंग सांगायचं न्हाई का, बाई?" म्हणत जिना उतरले. उपकार मानायचे सोडून मला तिचा आणखीच राग आला. दम तिला, पाय तिला, आणि तोंडही तिलाच.

तासाभराने मी पुन्हा चालले. सोळा भरल्या. डॉक्टर म्हणाले, करता येईल ऑपरेशन.

मग त्यांनी तिला आत बोलावलं. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली.

"माझं दुसऱ्या बाजूलाबी गेलंय म्हणे. कापून उपेग न्हाई. तू कर, भिऊ नको."

मी तिचा हात धरला. चार बायका धरतात तसाच. पण खरं सांगते, माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते हेच, की मी जिंकले.