हुलग्यावरच्या चकरा

बावीस वर्षं मी सोलापुरातल्या एका तंत्रनिकेतनात वातानुकूलन शिकवतोय. फळ्यावर कंडेन्सरची आकृती मी डोळे मिटून काढतो, आणि विद्यार्थी बहुधा ती डोळे मिटूनच उतरवून घेतात. वळसंगला शेती करणाऱ्या माझ्या वडिलांना, म्हणजे अप्पांना, ही नोकरी कधीच पटली नाही. "गारवा काय शिकवायचा असतोय?" ते म्हणायचे. "लिंबाखाली बसायचं की."

तर यंदा ऐन मे महिन्यात माझ्याच गाडीचा एसी गेला. "दिव्याखाली अंधार," एवढंच म्हणून बायको चहा टाकायला गेली.

एरवी मी काचा खाली करून, डोक्याला रुमाल गुंडाळून उन्हाळा काढला असता. पण घरात आई होती, आमची अव्वा. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. मोतीबिंदू सापडला तोही हुलग्यामुळे, म्हणजे कुळथामुळे. तिने निवडलेल्या हुलग्यांत खडा राहिला आणि माडगं पिताना तो अप्पांच्या दाढेखाली आला. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, डोळ्यात धूळ नको, गरम वारा नको. तीन आठवडे ती आमच्याकडे काळा चष्मा लावून बसली आणि मग एके सकाळी तिने जाहीर केलं, रविवारी वळसंगला जायचं. म्हैस व्यायला झाली होती.

"अप्पा आहेत की तिथं," मी म्हणालो.

"त्येनी हायत म्हणूनच जायाचं. फोनवर नुसतं 'बरा हाय, बरा हाय' करत्यात. तू न्हेत नसलास तर यष्टीनं जाते."

एसटीच्या खिडकीतून मेमधली धूळ त्या डोळ्यात जाताना मला दिसू लागली. मी मेकॅनिककडे धावलो. त्याने बॉनेटखाली डोकं घातलं आणि निदान सांगितलं: कंडेन्सर गळतोय, गॅस सगळा उडालाय, पण सीझनची गर्दी आहे, बुधवारच्या आत जमणार नाही. इथवर ठीक होतं. पण माझा चेहरा पाहून त्याला दया आली असावी. "सर, कंडेन्सर मतलब कैसा, रेडिएटर के सामने एक जाली रहती..." अशी सुरुवात करून त्याने मला कंडेन्सर समजावून सांगितला. चांगली पाच मिनिटं, उदाहरणासकट. वाईट म्हणजे त्याचं उदाहरण माझ्यापेक्षा सोपं होतं.

मी तिथल्या तिथे ठरवलं, हे काम आपण घरी करायचं. त्याला म्हणालो, शनिवारी संध्याकाळी फक्त मशीन घेऊन ये आणि गॅस भर. तो हसला नाही, पण त्याने एकदा माझ्या हातांकडे पाहिलं.

शनिवारी सकाळी नवा कंडेन्सर खोक्यातून काढून मी अंगणातल्या पत्र्याखाली बसलो. चादरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले शेजारी स्वतःची खुर्ची घेऊन आले. प्रत्येक स्क्रूचं नाव ते विचारत आणि मी सांगत असे. पहिल्या तासात मी बंपरचे सगळे स्क्रू काढले आणि सात क्लिपा मोडल्या. क्लिपा त्यांनी मोजल्या. हात चालत नव्हते तरी तोंड चालू होतं. आजकालच्या कंपन्या कसा पातळ पत्रा वापरतात, रस्त्यावर खडी कशी उडते, मेकॅनिक लोक कसं पाइपांना नीट हाताळत नाहीत, असं मी सविस्तर समजावत होतो. कंपनीला पत्रच लिहिणार होतो. "म्हणजे सर, तुमची काहीच चूक नाही," शेजारी समाधानाने म्हणाले.

शेवटी दोन्ही पाइप सोडवून मी कंडेन्सर वर ओढला. त्याच्यासोबत परातभर भुसा अंगणात सांडला.

कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधली सगळी जागा भुशाने गच्च भरली होती. भुसा, माती, वर्षानुवर्षं गाडी धुतलेलं पाणी, सगळ्याची ढेप झाली होती आणि तिच्याखाली ॲल्युमिनियम सडून गेलं होतं. 'कंडेन्सर निकामी होण्याची पाच कारणे लिहा' हा प्रश्न मी दर वर्षी परीक्षेला घालतो. हे कारण त्या पाचांत नव्हतं.

आवाज ऐकून अव्वा बाहेर आली. वाकली, ढिगातून मूठभर काहीतरी उचललं आणि तळहातावर पसरलं.

"हे तर आपलं हुलगं की!"

मग मला सगळं आठवलं. दर पौषात अप्पा घरापुढच्या डांबरी रस्त्यावर वाळलेला हुलगा पसरतात. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांखाली शेंगा फुटतात आणि मळणी फुकटात होते. मी गाडी घेतल्यापासून त्यांनी रस्त्यावरच्या गाड्यांची वाट बघणं सोडलं. "दोन चकरा मार की," म्हणायचे. मी वीस-पंचवीस मारायचो. धूळ आत येऊ नये म्हणून काचा बंद, एसी चालू. पंखा पुढून भुसा ओढत राहायचा आणि वातानुकूलनाचा अध्यापक आत थंड हवेत बसलेला. खरं सांगतो, मला फार आनंद व्हायचा. माझं शिक्षण नाही तर निदान माझी गाडी तरी अप्पांच्या कामाला येत होती.

शेजाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची उचलली. जाताना म्हणाले, "सर, आता कंपनीला पत्र लिहू नका."

अव्वा मात्र तिथेच पायरीवर बसून त्या मूठभर हुलग्यांतले खडे निवडत होती. एकही सुटला नाही.

संध्याकाळी मेकॅनिक आला. त्याने माझे जोड तपासले आणि हळूच म्हणाला, "सर, पुरानी रिंग वापस नै लगाते." पाइपांच्या सांध्यातल्या रबरी रिंगा नव्याच घालाव्यात, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहून दोनदा अधोरेखित करतो. त्याने खिशातून नव्या रिंगा काढल्या, तेल लावून बसवल्या, गॅस भरला. जाळीतून गार वारा आला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या.

रविवारी आम्ही सकाळी लवकर निघू शकलो असतो. पण ऊन चढल्याशिवाय एसीची परीक्षा होत नाही, म्हणून मी मुद्दाम अकरा वाजवले. वाटेत दर पाच मिनिटांनी मी अव्वाला विचारत होतो, "गार आहे ना?" ती चादर पांघरून मागे बसली होती आणि "हाय की" म्हणत खिडकीतून बाहेर बघत होती. ती बोर कधी तोडली? त्या घरावर पत्रं कुणी टाकलं? मोतीबिंदूने झाकलेलं दोन वर्षांचं तिला एकदम दिसत होतं. मी तिला कंडेन्सरमधून उष्णता बाहेर कशी जाते ते समजावत होतो.

गावात वळलो. घराच्या अलीकडे लिंबाखाली अप्पा उभे होते. अव्वाने काळा चष्मा वर केला.

"थांब."

मी गाडी थांबवली.

"तुझं अप्पा किती वाळल्यात रं. हे कवापासनं?"

मी पाहिलं. अप्पांच्या सदऱ्यात आणखी एक माणूस मावला असता. गळ्याची हाडं लांबूनसुद्धा दिसत होती.

"तू तीन आठवडे नव्हतीस, जेवणाचे हाल..." मी म्हणालो.

"हे तीन आठवड्याचं न्हाय," ती म्हणाली. ती रागावली नव्हती. "मला दिसत नव्हतं. तुला तर दिसत हुतं की."

पौषात ह्याच रस्त्यावर मी त्यांच्यासमोरून पंचवीस वेळा गेलो होतो. काचा बंद, एसी चालू, नजर हुलग्यावर.

अव्वाने दार उघडलं. "डोळा!" मी ओरडलो. तिने पदर डोळ्यावर ओढला, अप्पांना दंडाला धरून आणलं आणि माझ्या शेजारी बसवलं. काचा बंद असलेल्या गाडीत ते कधी बसत नसत. त्यांनी जाळीपुढे हात धरला.

"गार हाय की," ते म्हणाले.

बावीस वर्षं हे ऐकायची मी वाट बघितली होती, आणि आता ऐकताना मला त्यांच्या मनगटाकडे बघवत नव्हतं.

"अप्पा, सोलापूरला चला. डॉक्टरांना दाखवू."

"म्हैस?"

"म्हशीचं मी बघते," खिडकीबाहेरून अव्वा म्हणाली. पदर अजून तिच्या डोळ्यावर होता. "तू गाडी वळव."