मेढीची मुदतवाढ

माझ्या लग्नाची मेढ रोवली तेव्हा आमच्या अंगणात अख्खं शिरगाव होतं. नव्हता तो फक्त नवरा. तो काँगोत होता. तिथल्या लोकांनी आपापसांत लढाई मांडली होती आणि ती थांबवायला देशोदेशीच्या शिपायांबरोबर आमचाही शिपाई गेला होता. मुदत संपतेय, येतो, असं त्यानं कळवलं आणि बाबांना दम निघेना. बाबा बोटीचे तांडेल. वारा सुटायच्या आधी शीड बांधून मोकळे. जावई आगबोटीत पाय ठेवायच्या आत त्यांनी मुहूर्त धरून मांडवाची उंबराची मेढ रोवलीसुद्धा.

त्याच आठवड्यात आई पालघरच्या बाजारात सुकट विकून आली, ती डोक्यावरची टोपली न उतरवताच दारात उभी राहिली. स्टेशनासमोरच्या हॉटेलातल्या रेडिओनं सांगितलं होतं, शांतिसेनेला मुदतवाढ.

बाबा मेढीभोवती फेऱ्या घालू लागले. शांतता झाली असेल तर हा थांबलाय कशाला, आणि झाली नसेल तर इतके दिवस केलं काय, हा त्यांचा सवाल. उत्तर द्यायला अंगणात जाणकार कोणी नव्हतं. कोंबड्या होत्या.

आमच्यात रोवलेली मेढ लग्न लागल्याशिवाय उपटत नाहीत. पण वैतरण्याचं एक मिठागरवालं स्थळ निरोपावर निरोप धाडत होतं. मुलगा घरीच असायचा, त्याला कसली मुदतबिदत नव्हती. शेवटी बाबांनी तोडगा काढला : मेढ सुकली, की देवानंच आपला शब्द सोडवला असं समजायचं आणि वैतरण्याला होकार कळवायचा.

म्हटलं, सुकते कशी ते बघतेच. अडचण एकच. आमची विहीर मचूळ, गोडं पाणी गावाबाहेरून आणावं लागे. मी रोज एक हंडा जास्तीचा आणू लागले. पोरीला कामाची गोडी लागली म्हणून आई शेजारणींत मिरवायची. सगळी मासळी वाळवण्यात गुंतली, की हंडा मेढीच्या बुडाशी रिकामा. मधे शांतिसेनेला आणखी मुदतवाढ मिळाली. मीही आणखी एक हंडा वाढवला.

उंबराला कोंब फुटले, मग पानं. बायका येता-जाता हळदकुंकू वाहू लागल्या. वैतरण्याची माणसं एकदा जातीनं आली, मेढीच्या सावलीत बसून चहा प्यायली, वर पानांकडे बघत राहिली, आणि त्यानंतर निरोप यायचे थांबले.

तो आला. लग्न लागलं. पंगतीत बाबांनी इतके दिवस राखून ठेवलेला सवाल जावयापुढे टाकला, तिकडं नेमकं केलंस काय?

"दोगांच्या मधी उभा ऱ्हायलो, मामा. हालायचं नाय, येवढाच हुकूम."

बाबांनी पानांनी भरलेल्या मेढीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"मंग तुला तिकडं पानी कोन घालीत होती?"