गल्लीच्या तोंडावरचं बाकडं

दुकानदाराचा माल जातो आणि किस्से तेवढे उरतात. मी पिंपरी कॅम्पात बरीच वर्षं लाँड्री चालवली. लोकांचे कपडे धुतले, इस्त्री केली, परत दिले. पण कपडे द्यायला-घ्यायला आलेली माणसं जे बोलून गेली ते माझ्याकडेच पडून राहिलं. आता चार मित्र जमले की मी सुरू होतो, आणि आमच्या हिची तक्रार ठरलेली: "तुमच्या प्रत्येक गोष्टीत ते बाकडं कसं हो येतं?"

येणारच. आमच्या गल्लीत सगळं काही त्या बाकड्यावरनंच झालं.

गल्ली साधी होती. एका तोंडाला बाजाराचा मोठा रस्ता, दुसऱ्या टोकाला सलीम मिस्त्रीचं गॅरेज, आणि गॅरेजमागे भिंत. त्यामुळे जी गाडी आत यायची ती धूर सोडत यायची आणि वळून पुन्हा धूर सोडतच बाहेर जायची. त्यात सत्तरच्या दशकात पेट्रोल भडकलं आणि कित्येक जण त्यात रॉकेल मिसळायला लागले. संध्याकाळच्या बाजाराच्या वेळी आमच्या गल्लीत उभं राहिलं, की घरी जाऊन नाक पुसल्यावर रुमाल माझ्याच दुकानात धुवायला टाकावा लागायचा. एवढाच काय तो मला फायदा.

*

तोटा मोठा होता. एका बँडपथकाचे पांढरे ड्रेस माझ्याकडे यायचे. धुऊन दुकानासमोर दोरीवर टाकायचे, आणि वाळेपर्यंत त्यांचा रंग राखेवर यायचा.

बँडमास्तरनं एक कोट उचलून उजेडात धरला. "दिला तेव्हा पांढरा होता."

मी म्हटलं, "मास्तर, हवेला लागलाय. धुण्यात कसूर नाही."

"मग आधी हवा धुवा," तो म्हणाला, आणि सगळे ड्रेस गोळा करून दुसऱ्या लाँड्रीत घेऊन गेला.

माझं निदान गिऱ्हाईकच गेलं. सलीमच्या आईचा तर श्वासच जायची वेळ आली होती. अम्मी गॅरेजच्या वरच्या खोलीत राहायची. मूळची मावळातल्या खेड्यातली, बोलणं सगळं तिकडचं, आणि बोलायची हौस दांडगी. पण एका वाक्यात तीन ठिकाणी खोकला अडवायचा. डॉक्टर म्हणाले, "म्हातारीला धुरात ठेवू नका, मोकळ्या हवेत बसवा."

सलीमनं आमच्याकडे येऊन सांगितलं, "माझं पोट गाड्यांवर आहे राव, आणि अम्मी गाड्यांच्या वर. मी काय करू?"

*

मग खूबचंद शेटजींच्या साडीच्या दुकानात मीटिंग झाली. शेटजी गल्लीचे अध्यक्ष. त्यांना कुणी निवडलं नव्हतं, पण पंखा फक्त त्यांच्याच दुकानात होता. साड्यांच्या घडीच्या कडा काळ्या पडून त्यांचंही नुकसान होत होतं. ते म्हणाले, "संध्याकाळच्या बाजारात गल्लीत गाडी नाही. पायी या, खरेदी करा, आरामात जा."

सगळे सलीमकडे बघायला लागले. कारण जवळच्या कंपनीची पहिली शिफ्ट सुटली की कामगार आपापल्या स्कूटरी घेऊन संध्याकाळीच त्याच्याकडे येत.

सलीम बराच वेळ हाताचं ग्रीस पुसत बसला. मग म्हणाला, "गाडी येऊ द्या. इंजिन येऊ देऊ नका."

नियम झाला. गल्लीच्या तोंडाशी उतरायचं, इंजिन बंद करायचं आणि गाडी ढकलत आत न्यायची. शेटजींनी दुकानातलं गिऱ्हाइकांचं लांब बाकडं काढून दिलं, ते तोंडाशी आडवं टाकलं. बाजूनं ढकललेली गाडी जाईल एवढी जागा ठेवली. ज्या दुकानदाराची पाळी असेल त्यानं तिथं उभं राहायचं.

पहिल्याच आठवड्यात, नेमक्या पाळीच्या दिवशी, प्रत्येकाच्या घरी पाहुणे आले. बाकड्याजवळ कुणी नाही हे बघून रिक्षावाले ते उचलून बाजूला ठेवायचे, आत जायचे आणि जाताना सभ्यपणे परत लावून जायचे.

तेव्हा अम्मी म्हणाली, "मोकळ्या हवंतच बसायचं ना? मी बसते तिथं."

मोठ्या रस्त्यावर हवा कितपत मोकळी होती देव जाणे. पण निदान वारा होता, आणि बघायला माणसं होती. बाकडं कुणीही हलवू शकतं. बाकड्यावर बसलेली म्हातारी हलवायची कुणाची छाती नव्हती.

*

एक फुलपँटवाला तरुण स्कूटर फुरफुरवत आला. "आजी, जरा सरका. दोनच मिनिटांचं काम आहे."

"मंग दोनच मिन्टं ढकल की."

"इंजिन बंद केलं तर परत सुरू व्हायची नाही."

"मंग लई चांगल्या जागी आलायस. आत मिस्त्री हाय."

त्यानं ढकलली. दुरुस्तही करून घेतली. सलीमला त्या दिवशी अम्मीचं कमिशन म्हणून पेढे आणावे लागले.

*

देहूरोडहून एक सुभेदारसाहेब मोटारसायकलवर बायकोला घेऊन साडीखरेदीला आले. मिशा पाहूनच आम्ही आपापल्या दुकानात शिरलो. अम्मी बसूनच म्हणाली, "बंद करा, साहेब."

"माताजी, हम फौजी आदमी हैं."

"म्हून तर तुमास्नी एकदाच सांगतीया."

सुभेदार उतरले, सलाम ठोकला आणि गाडी ढकलत आत गेले. मागून बायको मोकळ्या हातांनी चालत होती. शेटजींना म्हणाली, "पुढच्या वेळीही इथंच येऊ. तेवढाच यांचा व्यायाम."

*

एकदा बैलगाडी आली. इंजिन नाही म्हटल्यावर अम्मीनं बाकडं सरकवायला लावून ती रुबाबात आत सोडली. बैलांनी बरोबर शेटजींच्या पायरीसमोर आपलं काम उरकलं, आणि शेटजींचा पाय बरोबर त्यात पडला.

शेटजी धोतर वर धरून बाकड्यापर्यंत लंगडत आले. "अम्मी, हे प्रदूषण नाही का?"

"धूर हाय का त्याला?"

"नाही, पण..."

"त्येचा धूर गवरी करून चुलीत घातल्यावर निगंल. तवा या तक्रार घिऊन."

एवढं सगळं ती एका दमात बोलली. मध्ये एकदाही खोकली नाही. हे सलीमच्याच प्रथम लक्षात आलं. तो गॅरेजच्या दारात पाना हातात घेऊन उभा होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. आम्हालाही बरं वाटलं. शेटजी सोडून.

*

पण सलीमवर वेगळंच संकट आलं. मोठ्या रस्त्यावरच्या लोकांना काय दिसायचं? गाडी ढकलत आत जाते आणि ढकलतच बाहेर येते. बाकड्याचा नियम आम्हाला माहीत, रस्त्याला थोडाच माहीत?

एक गृहस्थ आपली स्कूटर घेऊन आले होते. शेजारून तिघे जण नुकत्याच दुरुस्त झालेल्या स्कूटरी ढकलत बाहेर निघाले. गृहस्थ आल्या पावली परत फिरले.

"राव, माझं नाव खराब होतंय," सलीम म्हणाला. "लोक म्हणतात, सलीमकडं गाडी टाकली की पायी घरी यावं लागतं."

मी म्हटलं, "नियम काढून टाकू का?"

त्यानं गल्लीच्या तोंडाकडं पाहिलं. अम्मी कुणालातरी मनसोक्त झापत होती. "नको," तो म्हणाला.

मग त्यानंच युक्ती काढली. दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी तो स्वतः ढकलत बाकड्याबाहेर न्यायचा, मोठ्या रस्त्यावर चहाच्या टपरीसमोर उभी करायचा आणि सगळ्यांदेखत किक मारायचा. एका किकमध्ये सुरू झाली की टपरीवरचे लोक टाळ्या वाजवायचे. काही दिवसांत लोक चहा मुद्दाम त्या वेळेला प्यायला लागले. दोन किक लागल्या तर "मिस्त्री, आज काय झालं?" अशी चौकशी व्हायची. सलीमची रोज बोर्डाची परीक्षा. पण गिऱ्हाईक वाढलं, आणि बँडमास्तरही ड्रेस घेऊन माझ्याकडे परत आला. कोट उजेडात धरून म्हणाला, "धुतली म्हणायची हवा."

*

अशात शेटजींची मोटार आली. नंबर लावून इतकी वर्षं झाली होती की घरातले लोक विसरून गेले होते. पांढरीशुभ्र, नवी कोरी मोटार. पूजा दुकानासमोर करायची, मुहूर्त संध्याकाळचा.

शेटजी झेंडूच्या माळा घातलेली मोटार घेऊन बाकड्याशी आले आणि हॉर्न वाजवला. अम्मी हलली नाही.

"अम्मी, बाकडं माझं आहे. नियम माझ्या दुकानात झालाय."

"मंग तुमास्नी तर पाठ पायजे."

"आज शुभ दिवस आहे, अम्मी."

"म्हून तर म्हनते, धूर नगं."

शेवटी बाकडं जरा सरकवलं आणि इंजिन बंद करून मोटार ढकलायला आम्ही पाच-सहा जण लागलो. शेटजी आत बसूनच होते. अम्मी म्हणाली, "नवरदेव, खाली उतरा. वजन हाय तुमास्नी."

बँडमास्तर नेमका माझ्याकडे ड्रेस न्यायला आला होता. त्याच्या अंगात आलं आणि त्यानं काखेतलं ट्रंपेट काढून मोटारीपुढे वाजवायला सुरुवात केली. वरातच निघाली म्हणा ना! शेटजी घामाघूम होऊन मागून ढकलतायत, पुढे बँड, मध्ये झेंडू. टपरीवरचा एक जण दुसऱ्याला विचारत होता, "नवी गाडी आणि ढकलताय का रे?"

दुसरा म्हणाला, "सलीमकडं दाखवायला आणली असंल. पहिल्याच दिवशी."

हे शेटजींनी ऐकलं. सलीमनंही ऐकलं. दोघंही त्या दिवशी नीट जेवले नसावेत.

*

थोड्याच दिवसांत नगरपालिकेच्या ऑफिसात एक अर्ज गेला, की सार्वजनिक रस्त्यावर बाकडं टाकून वाहतूक अडवली जाते. अर्ज कुणाचा ते आम्हाला माहीत होतं, आणि आम्हाला माहीत आहे हे शेटजींनाही माहीत होतं. ते दुकानात पंख्याखाली बसून साड्यांच्या घड्या मोजल्यासारखं करत.

एके संध्याकाळी ऑफिसातले साहेब गाडीतून पाहणीला आले. अम्मीला त्यांचा हुद्दा सांगितला. तिनं ऐकून घेतला आणि म्हणाली, "हुद्दा असूं दे की. इंजिन बंद."

ड्रायव्हर एकटा ढकलत होता, गाडी हलेना. साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं, घड्याळ मनगटावर वर सरकवलं आणि स्वतः हात लावला. आम्ही धावलोच.

साहेबांनी सगळी गल्ली पाहिली. बायका मधोमध उभ्या राहून गप्पा मारत होत्या, माझ्या दोरीवर पांढरे ड्रेस लटकत होते. साहेबांनी चहा घेतला, मान डोलावली. आम्हाला वाटलं, जिंकलो. जाताना म्हणाले, "सगळं छान आहे. पण रस्ता सार्वजनिक आहे. उद्यापासून बाकडं दिसता कामा नये."

सलीम अम्मीकडं बघत होता. ती दूर बाकड्यावर, आमच्याकडं पाठ करून, आरामात बसली होती.

आम्ही मुकाट्यानं साहेबांची गाडी ढकलत बाहेर नेली. टपरीसमोर ड्रायव्हरनं चावी फिरवली. गाडी सुरू होईना. पुन्हा फिरवली. टपरीवरचे सगळे पेले खाली ठेवून उभे राहिले, आणि सगळ्यांच्या माना सलीमकडं वळल्या.

सलीमला राहवलं नाही. दोन्ही हात वर करून तो रस्त्यावर ओरडला, "ही माझ्याकडची नाही!"

मग बॉनेट उघडून पाहिलं, मान हलवली, आणि आम्ही तीच गाडी पुन्हा ढकलत आत आणली. "उद्या संध्याकाळपर्यंत होईल, साहेब," सलीम म्हणाला. साहेब सिटी बसनं घरी गेले.

दुसऱ्या दिवशी बाकडं उचलायचं होतं. पण अम्मीला सांगायचं कुणी? सलीम मला म्हणाला, "तुम्ही सांगा." मी म्हटलं, "तुझी आई आहे." एवढ्यात बाजाराची वेळ झाली आणि ती येऊन बसलीसुद्धा.

साहेब गाडी न्यायला चालत आले. बाकडं पाहून थांबले. गाडी अजून व्हायची होती. अम्मी त्यांच्याकडं बघून जरा सरकली आणि बाकड्यावर हात थापटत म्हणाली, "बस लेका. चालून दमला असशील."

साहेब बसले. दोघं काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं. बोलत मात्र बराच वेळ होते, आणि बहुतेक अम्मीच.

तेवढ्यात खूबचंद शेटजींची मोटार आली. आजपासून बाकडं नाही, ही बातमी त्यांना पोचलेली होती. सलीम पाना हातात घेऊन गॅरेजमधून धावत आला. शेटजींनी बाकड्याच्या अगदी जवळ मोटार आणून जोरात हॉर्न वाजवला. बाकड्यावर कोण बसलंय ते त्यांनी पाहिलंच नव्हतं.

अम्मीनं तोंड उघडलं. पण तिच्या आधी साहेबच उठून उभे राहिले.

"शेटजी, आधी इंजिन बंद करा," ते म्हणाले. "आजींना खोकला होतो."