व्याह्यांचा डावा कान

लेकीचं स्थळ घेऊन आलेल्या मध्यस्थाने सांगितलं, "मुलाचे वडील कानातल्यांच्या कारखान्यात आहेत. पारखी आहेत. त्यांनी हो म्हटल्याशिवाय तिथला एक जोड बाहेर पडत नाही." आमची ही तेवढ्यावरच हरखली. कानातली म्हणजे सोन्याची, आणि पारखी म्हणजे सोनाराच्या पंक्तीतला. पोरीच्या कानांची तरी ददात मिटली असं तिने धरूनच टाकलं. बोलणी करायला गेलो तेव्हा व्याह्यांनी शर्टाच्या खिशातून मोठ्या कौतुकाने जे काढलं, ती होती वायरीला लोंबणारी दोन काळी रबरी बोंडं. फोनला लावायची आणि कानात खुपसायची. "हा आमचा सगळ्यात स्वस्त माल," ते म्हणाले. हिचा चेहरा असा काही झाला की मला जन्मभर पुरेल एवढं हसू आलं. ते मी अजून पुरवून पुरवून वापरतो आहे.

व्याह्यांना कारखान्यात आणि गल्लीतही सगळे कानसेन म्हणत. ते मला 'बसा' म्हणाले नाहीत. आधी माझे कान पाहिले. "तुमचा उजवा कान डाव्यापेक्षा मोठा आहे," ते म्हणाले. म्हटलं, "आमचे गावच्या शाळेतले गुरुजी डावरे होते. समोर उभं करून डाव्या हाताने कान धरायचे, तो उजवाच हाती लागायचा. पाढे काही पाठ झाले नाहीत, कान तेवढा वाढला." विहीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या. हे हसले नाहीत. अगदी गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे दोन्ही बाजूंना एकाच मापाची रबरी टोपी देणारा कारखाना तुमच्यावर अन्याय करतो." माझ्या कानांचा एवढा विचार गुरुजींनंतर कुणी केला नव्हता. सोयरीक तिथेच जुळली.

त्यांचं काम बघायला मी मुद्दाम गेलो होतो. टायरच्या दुकानावर एक लांबट हॉल. खालून जळक्या रबराचा वास वर यायचा आणि वर शिशाचा धूर. दोन टेबलं. एकावर बायका डाव्या बोंडाच्या वायरींना डाग द्यायच्या, म्हणजे शिसं वितळवून सांधा जोडायच्या, दुसऱ्यावर उजव्या. त्यांना डावं टेबल आणि उजवं टेबल असंच म्हणत. टोकाला खिडकीपाशी कानसेन, एका गादीच्या खुर्चीवर. हॉलमधली तेवढी एकच खुर्ची गादीची.

पहिल्यांदा ते बोंड कानात घालून नुसते बसत. मग बिस्कीट चघळत. मी म्हटलं, "व्याही, नाश्ता चाललाय की काम?" तर म्हणाले, "माणूस कानात घालून बोलतो, खातो, जांभई देतो. जबडा हलला की कान हलतो. कान हलल्यावर जे बोंड निसटतं ते ढिलं, आणि जे टोचतं ते दगड." मग ते डोकं आडवं करून टेबलावर ठेवीत, कारण लोक हे घालून झोपतात. मग वायर शर्टावर घासून बघत; तिची खरखर कानात आली की जोड बाजूला. त्यांच्याकडे दोनच शब्द होते, 'घ्या' आणि 'बाजूला'. मालक कधी लाडीगोडीने म्हणायचा, "अहो, स्वस्तातला माल आहे, चालेल की." त्यावर हे म्हणायचे, "'चालेल' हा शब्द लंगड्या माणसासाठी आहे."

आवाज तपासायला ते गाणं लावत नसत. गाणं लबाड असतं म्हणायचे. ठेका जरा फुगवला की माणूस मान डोलवतो आणि बाकीच्याकडे कानाडोळा करतो. त्यांनी फोनवर स्वतःच्या बायकोचा आवाज भरून ठेवला होता. विहीणबाईंनी एकदा बेसावधपणे केलेली कानउघाडणी: "साखर संपलीय, सकाळीच सांगितलं होतं ना? घरात घागरभर पाणी नाही आणि हे घोरतायत!" त्यातला 'स' सुईसारखा टोचला तर बोंड कर्कश. 'घ' हंड्यात बोलल्यासारखा घुमला तर बोंड गढूळ. विहीणबाई जशा आहेत तशा ऐकू आल्या तर 'घ्या'. विहीणबाई मला म्हणाल्या होत्या, "घरात माझं एक ऐकत नाहीत, आणि तिकडे दिवसभर मला ऐकायचा पगार घेतात!"

आणि एक नेम होता, तो मी खास लक्षात ठेवला आहे. प्रत्येक जोड ते पालटून घालत. डावं बोंड उजव्या कानात, उजवं डाव्यात. मी कारण विचारलं. "माल खोटा की कान खोटा, हे पालटल्याशिवाय कळत नाही," ते म्हणाले. "सर्दी माझी आणि बोल मालाला, असं नको." काय बोलणं ते! मी घरी येऊन हिला तीनदा ऐकवलं.

लग्नानंतर आमची लेक त्याच कारखान्यात लागली. डाव्या टेबलावर. लहानपणी तिने माझ्या रेडिओची वायर चिकटवून दिली होती तेव्हापासून तिचा हात मला ठाऊक. तिचा डाग मसूर डाळीच्या दाण्याएवढा, गोल, चकचकीत. उजव्या टेबलावरच्या बायका तिला चिडवायच्या, "सासऱ्याची सून ना गं तू, तुझा माल कोण बाजूला टाकणार?" ती म्हणायची, "पहिला माझाच टाकतील." खरंच होतं. व्याही घरातलं माणूस म्हणून कुणाला सोडणारे नव्हते. मला त्याचाच अभिमान वाटायचा. आता तो कुठे ठेवावा ते कळत नाही.

मग नव्या घाटाची बोंडं आली. जुनी सरळ, गोल होती. कुठलीही कुठेही बसत. नवीन तिरकी. कानाच्या वळणाप्रमाणे आत शिरायची. डावं डाव्यातच बसायचं, उजवं उजव्यातच. पालटून घालायला गेलं तर आत शिरेचना. पण आराम असा की व्याह्यांनी बिस्किटाचा अख्खा पुडा संपवला तरी बोंड जागचं हललं नाही. इतके खूश की मला फोन करून म्हणाले, "व्याही, तुमच्या गुरुजींनी वाढवलेल्या कानालासुद्धा बसेल!" पालटायचा नेम मोडला हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. पालटता येतच नव्हतं, तर मोडला तरी कसं म्हणायचं?

आणि मग डावं मंद येऊ लागलं.

"डावीकडे साखर संपते ती लांबून संपते," ते म्हणाले. जोड बाजूला. दुसरा बाजूला. पेटीच्या पेटी बाजूला. मालकाचा भाचा वरचं काम बघायचा, शिकलेला, नम्र मुलगा. त्याने कानात घालून पाहिलं आणि भीत भीत म्हणाला, "काका, मला तर दोन्हीकडे सारखंच वाटतंय."

"तुझे कान ठेक्याला चटावलेत. जा."

तो गेला. आवाज मोजायचं यंत्र घेऊ असं त्याने मामाला पूर्वी एकदा सुचवलं होतं, तेव्हा मालक म्हणाला होता, "कानसेन असताना यंत्र कशाला?"

डावं मंद म्हणजे दोष डाव्या टेबलाचा. आमची लेक एकेक डाग उकलून पुन्हा द्यायची. पुन्हा बाजूला. संध्याकाळी घरी सासरा आणि सून एकाच दिव्याखाली जेवायला बसायचे. "सूनबाई, हात सावर गं," ते म्हणायचे. ती म्हणायची, "बाबा, हात तोच आहे आणि शिसंही तेच." "मग लक्ष नाही." "लक्षही तेच आहे, बाबा." जावई मध्ये पडला नाही. आमचे जावई या कानाने ऐकून त्या कानाने सोडणाऱ्यांपैकी आहेत, स्वभाव चांगला.

शेवटी मालकाने तिला बोलावलं. "तुझ्या सासऱ्यानेच सांगितलंय, मी काय करू?" असं म्हणून कामावरून कमी केलं. सगळ्या हॉलसमोर. उजव्या टेबलावरची एकजण म्हणाली, "डाग द्यायला ठेवली होती, डाग लावून गेली." त्या मालकाच्या कारखान्याबाहेरही या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. कानसेनच्या सुनेला कानसेननेच काढलं, ही बातमी या कानाची त्या कानाला व्हायला वेळ लागला नाही. ज्या ज्या दारात ती गेली, तिथे हेच ऐकलं: "घरच्या माणसाला तुझा हात पटला नाही, आम्हाला कसा पटेल?"

मी तिला आणायला गेलो. ती आली नाही. म्हणाली, "अण्णा, आत्ता माहेरी आले तर ते खरं ठरेल." मी म्हटलं, "काय खरं ठरेल?" म्हणाली, "माझा हात वाईट आहे, हे."

मी तिथेच असताना तो प्रकार झाला. व्याही खाटेवर बसले होते. लेक त्यांच्या डाव्या बाजूने चहा घेऊन आली आणि दोनदा म्हणाली, "बाबा, चहा." त्यांनी मान वळवली नाही. तिसऱ्यांदा ती उजवीकडून गेली आणि त्याच आवाजात म्हणाली, "बाबा, चहा." लगेच हात पुढे आला. ती कप देऊन तशीच उभी राहिली. मग आत जाऊन फळीवरचा डबा उतरवला. त्यात जुन्या, गोल घाटाचा एक जोड होता. कधीकाळी व्याह्यांनीच 'घ्या' म्हणून घरी आणलेला.

"बाबा, हे जरा घाला."

विहीणबाई फोनमधून साखर मागू लागल्या. व्याही डोळे मिटून ऐकत होते. "डावं मंद आहे," ते म्हणाले.

"पालटून घाला."

त्यांनी पालटून घातलं. खुद्द विहीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पुन्हा पालटलं. पुन्हा. मग दोन्ही बोंडं काढून तळहातावर ठेवली आणि त्यांच्याकडे अशी नजर लावली जशी मी गुरुजींच्या छडीकडे लावायचो.

"डावंच मंद आहे," ते म्हणाले. "दोन्ही वेळा."

लेक रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "उद्या मालकांना सांगाल ना, बाबा?"

"सांगेन," ते म्हणाले. "न सांगून कसं चालेल?"

मला त्या क्षणी व्याही हिमालयाएवढे वाटले. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मुक्काम ठेवला. म्हटलं, आपली पोर सन्मानाने त्या जिन्यावरून वर जाते ते बघूनच निघू. तिने जुना ॲप्रन धुऊन वाळत घातला होता. संध्याकाळी व्याही आले, चपला काढल्या, हातपाय धुतले. लेक समोर जाऊन उभी राहिली. अगदी समोर, डावं नाही, उजवं नाही.

"सांगितलंत, बाबा?"

त्यांनी डावा हात डाव्या कानामागे धरला आणि चेहरा किंचित पुढे केला. "काय म्हणालीस?"

ॲप्रन दोरीवरून काढून तिने त्याची घडी केली.

मी संतापलो. म्हटलं, मीच जातो मालकाकडे, भर हॉलमध्ये सांगतो. लेकीने माझा हात धरला. "अण्णा, कानसेनचा कान गेला हे कळलं की ते उद्या घरी बसतील. एक पगार गेलाच आहे, दुसराही घालवू का?" एवढी अक्कल मी तिला शिकवली नव्हती. शिकवली असती तर आज पश्चात्ताप झाला असता.

पुढचं मला मालकाच्या भाच्याने सांगितलं. तो मला बाजारात भेटला होता. म्हणाला, दुसऱ्या दिवसापासून कानसेन काका एकही जोड बाजूला टाकेनासे झाले. डावं आलं की कानात घालतात, क्षणभर थांबतात आणि म्हणतात, "चालेल." टोचणारं चालेल, निसटणारं चालेल, खरखरणारं चालेल. त्याच आठवड्यात डाव्या टेबलावर नवीन बाई बसली होती. मालक सगळ्यांना दाखवून सांगतो: "बघा, ती गेली आणि डावं टेबल कसं सुधारलं! कानसेनचा कान म्हणजे कान. सख्ख्या सुनेला सोडलं नाही."

म्हणजे होता तो संशयही फिटला. आधी तिच्यावर नुसता आरोप होता. व्याह्यांच्या प्रत्येक 'चालेल'ने त्याचा पुरावा होत गेला.

लेक आता एका शिंप्याकडे गुंड्या लावते. विहीणबाई तिच्याशी फार गोड बोलतात, इतकं की त्यांचा आवाज भरून ठेवायला आता काही अर्थ राहिला नाही. रोज चहा मात्र लेकच नेऊन देते, आणि नेमाने डाव्या बाजूने. हलकेच काहीतरी म्हणते. काय म्हणते ते मला ऐकू येत नाही, आणि त्यांना तर नाहीच.

परवा मी गेलो होतो. मीही चहाची किटली हातात घेऊन त्यांच्या डावीकडेच बसलो. आवाज न चढवता, हसऱ्या तोंडाने म्हटलं, "व्याही, माझ्या पोरीच्या सोन्यासारख्या हाताला तुम्ही बट्टा लावलात. तुमच्यापेक्षा आमचे गुरुजी बरे. ते कान पिळायचे, पण चुकला त्याचाच."

व्याह्यांनी माझ्या हातातल्या किटलीकडे पाहिलं, कप पुढे केला आणि प्रसन्नपणे म्हणाले, "चालेल, चालेल. अर्धा कप चालेल."