माझ्या फोटोला हार

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. मी परवा स्वतःच्याच शोकसभेला जाऊन आलो. हो, असा धडधाकट! आणि वर सांगतो, ती सभा मीच माझ्या हाताने भरवली होती.

झालं काय, आमच्या सोसायटीतली प्रज्ञा, तिसऱ्या मजल्यावरच्या कांबळ्यांची मुलगी, नोकरी सांभाळून भुताचा सिनेमा करतेय. आईवडील लातूरला गेलेले, त्यामुळे तिला रान मोकळं. बजेट म्हणाल तर वडापाव आणि स्वतःचा मोबाइल. भूतबंगला मिळाला आमच्या भाईंदरजवळच्या मुर्धा गावात. बंगला कसला, तिथल्या हिरामावशींचं भाडेकरू गेल्यापासून बंद असलेलं दोन खोल्यांचं घर!

"काका, आपल्या सिनेमात भीती हळूहळू चढणार," प्रज्ञा म्हणाली.

इतकी हळूहळू, की पहिला पाऊण तास नुसता पंखा फिरतो आणि नळ गळतो. हिरामावशी रोज उंबऱ्यात बसून विचारायच्या, "पोरी, तुजा भूत हाय कुटं?"

"येईल मावशी, पाऊण तासाने."

"तवर मानसा बसतील का न्हाय?"

ते भूत म्हणजे मी! घराचा मेलेला मालक. आधी भिंतीवर नुसता माझा फोटो, आणि शेवटी मी स्वतः प्रकट होऊन एकच वाक्य बोलणार, "हे घर माझं आहे!" अहो, बावीस वर्षं हौशी नाटकांत मी शिपाई झालो, वऱ्हाडी झालो, एकदा तर विंगेतून नुसता खोकलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वाट्याला वाक्य आलं होतं. पंधरा दिवस मी ते बाथरूममध्ये घोकत होतो. आमची सुलभा बाहेरून ओरडायची, "घर दोघांच्या नावावर आहे!"

सोसायटीत मात्र कुणाला बोलायचं नाही, सस्पेन्स फुटेल, अशी प्रज्ञाची सक्त ताकीद होती.

रविवारी सकाळी तिने माझा मोठा केलेला फोटो भिंतीवर टांगला, त्याला झेंडूचा हार घातला, पुढे उदबत्ती लावली. काय दिसत होतो हो मी! लग्नातसुद्धा असा दिसलो नव्हतो. राहवलं नाही. फोटोचा फोटो काढला आणि गुपचूप स्टेटसला टाकला. सिनेमाबद्दल चकार शब्द लिहिला नाही, दिलेला शब्द पाळायला नको? खाली फक्त जोडलेले दोन हात. ते तर मी गुड मॉर्निंगलाही टाकतो!

लगेच प्रज्ञाने शूटिंगचा मोबाइल सोडून सगळ्यांचे फोन बंद करून डब्यात ठेवले, आवाज नको म्हणून. मग माझ्या फोटोचा सहा मिनिटांचा एक शॉट. तो सात वेळा घेतला, कारण हिरामावशींचा कोंबडा मध्येच आरवायचा.

चार वाजता माझ्या तोंडाला पावडर फासली, डोळ्यांखाली काजळ ओढलं. आणि तेव्हा आठवलं, धोतर घरीच राहिलं! प्रज्ञा आणि मी रिक्षाने भाईंदरला निघालो. फोन डब्यातच. रिक्षावाल्याने आरशात एकदा पाहिलं, त्यानंतर मागे बघायची त्याची काही हिंमत झाली नाही.

जिन्यात बघतो तर चपलाच चपला. दुसऱ्या मजल्यावर, आमच्या दारापासून समोरच्या सावंतांच्या दारापर्यंत, पांढऱ्या कपड्यांतली माणसं उभी. गेले वाटतं सावंत आजोबा! नव्वदी ओलांडलेली होतीच. तोंडाला काय फासलंय ते विसरून मी मान खाली घालून मागे उभा राहिलो. पुढून सेक्रेटरी पाटलांचा आवाज येत होता, "अत्यंत मितभाषी माणूस! कधी कुणाचं डोकं खाल्लं नाही."

म्हटलं, सावंत आजोबा आणि मितभाषी? असो, अशा वेळी बोलावं लागतं.

शेजारी मेहताभाई डोळे पुसत होते. मी हळूच विचारलं, "मेहताभाई, कौन गया?"

"अपने परबसाब, और कौन!" ते मान खाली घालूनच म्हणाले.

मलाही वाईट वाटलं. चांगला माणूस होता परब! आणि मग डोक्यात उजेड पडला. अरे, परब तर मी!

"मैं?" मी ओरडलो.

मेहताभाईंनी मान वर केली. पुढची किंकाळी घोडबंदरपर्यंत गेली असेल. खाली मी उभा, म्हणून सगळी शोकसभा वर पळाली. सगळ्यांत पुढे कोण? सावंत आजोबा, काठी टाकून!

दारात सुलभा तेवढी उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. "तासभर सांगतेय यांना, शूटिंगला गेलेत म्हणून! तर म्हणे वहिनींना धक्का बसलाय, त्यांना बोलू द्या!"

मग प्रज्ञाने वर जाऊन सिनेमाचं, माझ्या वाक्याचं सगळं सांगून एकेकाला खाली आणलं. जो तो आधी मला चिमटा काढून बघत होता. सुलभाने चहा टाकला. मेहताभाईंनी मला मिठी मारली, "यार, मैं सच में रोया था!" खरं सांगतो, मला भरून आलं. एवढी माणसं माझ्यासाठी रडली!

तेवढ्यात पाटील म्हणाले, "परब, ते वाक्य होऊन जाऊ द्या की!"

अशी संधी मी सोडतो? दारात उभा राहिलो, डोळे वटारले आणि बेंबीच्या देठापासून आवाज काढला, "हे घर माझं आहे!"

मग सावंत आजोबांना हसू फुटलं, आणि अख्खा जिना हसायला लागला. मेहताभाई तर पोट धरून पायरीवरच बसले.

मी प्रज्ञाकडे पाहिलं. ती हसत नव्हती, विचार करत होती.

"काका, रागावू नका. पण तुम्ही सिनेमात फक्त फोटोत राहा."

"आणि माझं वाक्य?"

"काका, फोटोत गप्प होतात तेव्हा सगळी सोसायटी रडली. नुसते येऊन उभे राहिलात तेव्हा घाबरली. तोंड उघडलंत आणि सगळी वाट लागली!"

मी आशेने सुलभाकडे वळलो. ती कप गोळा करत म्हणाली, "तीस वर्षं मी दुसरं काय सांगतेय यांना?"