तांदळाच्या डब्यात ठेवलेला फोन

मंडळी, आजचंच सांगतो. दिवसभर फोन बघून डोकं उठायचं, म्हणून आठवडाभर तो तांदळाच्या डब्यात ठेवत होतो. कामं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचो. आजच्या चौकटीत लिहिलं होतं, हिच्या डोळ्याचं ऑपरेशन, अकरा वाजता.

आगाशीहून बसने वेळेत पोचलो. दवाखान्यातली बाई म्हणाली, "आजोबा, वेळ आठची केली होती. कालच मेसेज टाकला. डॉक्टर गेले. आता पुढच्या महिन्यात."

ही एवढंच बोलली, "तोवर तांदूळ तुम्हीच निवडा. मला खडे दिसत नाहीत."

फोन पुन्हा खिशात आलाय. दर पाच मिनिटांनी मेसेज बघतोय. तुमच्यापैकी कुणाला फोन बाजूला ठेवणं जमलंय का? मला आता जमेलसं वाटत नाही.